मोटरहोम की कॅरॅव्हॅन? ब्रिटनमधील कौटुंबिक भटकंतीसाठी दोहोंचे परीक्षण

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये चाकांवरच्या घरातून सुट्टी घालवण्याची आवड वाढताना दिसते, आणि तिची कारणे समजण्यासारखी आहेत. शाळेच्या सुट्ट्यांत हॉटेलांचे दर आवाक्याबाहेर जातात, आडबाजूच्या गावांत शाकाहारी जेवणाची खात्री नसते, आणि महाराष्ट्रातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे सोबत असतील तर दर एक-दोन दिवसांनी नव्या खोलीत सामान लावणे आणि पुन्हा आवरणे त्यांना झेपत नाही. अशा कुटुंबाने पहिल्यांदा चौकशी सुरू केली की प्रश्न येतो तो मोटरहोम घ्यावी की कॅरॅव्हॅन. आमच्या घरात दोन्हींचा वापर झाला आहे. आधी आम्ही भाड्याच्या मोटरहोममधून इंग्लंड आणि स्कॉटलंड हिंडलो, नंतर स्वतःची चार जणांची कॅरॅव्हॅन घेतली, आणि लांबच्या, रोज पुढे सरकणाऱ्या प्रवासासाठी आजही अधूनमधून मोटरहोम भाड्याने घेतो. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या ठरावीक मॉडेलचे नसून दोन प्रकारांचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: किंमत, पलंगांची संख्या आणि आतली सजावट पाहण्याआधी आपण एका ठिकाणी सरासरी किती रात्री राहणार हे ठरवावे. तीन किंवा अधिक रात्री राहणाऱ्यांसाठी कॅरॅव्हॅन निःसंशय चांगली. रोज किंवा दिवसाआड मुक्काम हलवणाऱ्यांसाठी मोटरहोम.

मोटरहोमला स्वतःचे इंजिन असते. येथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटरहोम फियाट ड्युकाटो, फोर्ड ट्रान्झिट यांसारख्या मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. व्हॅनच्या मूळ पत्र्याच्या आतच घर बसवले तर तिला पॅनेल व्हॅन म्हणतात, चालकाची केबिन तशीच ठेवून मागे स्वतंत्र खोली बांधली तर कोचबिल्ट, आणि केबिनसह सगळेच नव्याने बांधले तर ए-क्लास. कॅरॅव्हॅनला इंजिन नसते, ती कारच्या टो बारला जोडून ओढावी लागते. ब्रिस्टलची बेली आणि पूर्व यॉर्कशरमधील कॉटिंगहॅमची स्विफ्ट या दोन्ही कंपन्या दोन्ही प्रकार बनवतात, आणि आतले हीटर, फ्रिज, शौचालय हेही बहुतेक ट्रुमा, डोमेटिक, थेटफोर्ड अशा त्याच त्या कंपन्यांचे असते; त्यामुळे आतल्या सोयींच्या दर्जावरून दोहोंत डावे-उजवे ठरवता येत नाही. या देशात कॅरॅव्हॅनची परंपरा फार जुनी आहे. कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना १९०७ सालची, आणि २०१७ मध्ये त्याच क्लबने आपले नाव बदलून कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब असे केले, यावरून मोटरहोमने मधल्या काळात किती जागा व्यापली याची कल्पना यावी.

आता वजनाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण विक्रेत्याकडे गेल्यावर पलंग आणि स्वयंपाकघर पाहण्यात वेळ जातो आणि वजनाचा कागद शेवटी, सही करताना समोर येतो. भारतीय परवाना येथे बदलून मिळत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी येथे येऊन कारची परीक्षा दिलेली असते, आणि ती १ जानेवारी १९९७ नंतरची असल्याने परवान्यावर बी हा वर्ग असतो. या वर्गावर पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे कमाल ३,५०० किलो वजनाचेच वाहन चालवता येते. १९९७ पूर्वी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ब्रिटिश शेजाऱ्यांना सी-१ वर्ग आपोआप मिळालेला असतो आणि ते ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालवू शकतात, म्हणून त्यांचा सल्ला आपल्याला तसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याला सी-१ हवा असेल तर वैद्यकीय तपासणी आणि वेगळी परीक्षा द्यावी लागते.

३,५०० किलो हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु त्यात वाहन, माणसे, पाणी, गॅस आणि सामान सगळेच आले. समजा, एखाद्या कोचबिल्ट मोटरहोमचे चालत्या स्थितीतले वजन ३,१५० किलो आहे. म्हणजे सामानासाठी ३५० किलो उरले. चालकाचे वजन सहसा आधीच धरलेले असते. उरलेल्या तीन प्रवाशांचे २०० किलो धरा, बाहेर लावायच्या ऑनिंगचे, म्हणजे तंबूसारख्या कापडी मांडवाचे २५, दोन सायकली आणि त्यांच्या रॅकचे ४०, टेबल-खुर्च्यांचे २०. आता हातात ६५ किलो राहिले, आणि त्यात चौघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि आठवड्याचा शिधा बसवायचा. शिवाय चालत्या स्थितीतले वजन सांगताना काही उत्पादक प्रवासापुरते थोडेच पाणी धरतात. शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरली तर शंभर किलो वाढले. सहा जण झोपू शकतील असे सांगून विकली जाणारी मोटरहोम बी वर्गाच्या मर्यादेत सहा जणांना सामानासह नेऊ शकेलच असे नाही, हे वाक्य प्रत्येक खरेदीदाराने लिहून सोबत न्यावे. मर्यादेपेक्षा अधिक वजन हा गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न निर्माण होतो. पूर्ण भरलेले वाहन सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन एकदा तरी तोलावे. त्याचा खर्च किरकोळ आहे.

कॅरॅव्हॅनच्या वजनाचे गणित वेगळे आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून बी वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा सर्वांना मिळाली; त्याआधी मोठ्या कॅरॅव्हॅनसाठी १९९७ नंतर उत्तीर्ण झालेल्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. परीक्षा गेली तरी भौतिकशास्त्र तेच आहे, म्हणून क्लब आणि उत्पादक नवख्या चालकांना आजही असाच सल्ला देतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक असू नये. हा कायदा नाही, कायदा कारच्या उत्पादकाने ठरवलेली ओढण्याची मर्यादा पाहतो; पण सल्ला अतिशय योग्य आहे. कार १,६०० किलोची असेल तर कॅरॅव्हॅन भरून १,३६० किलोपर्यंत असावी. त्यातही टो बारवर पडणारा पुढचा भार, ज्याला येथे नोजवेट म्हणतात, एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवावा, म्हणजे आपल्या उदाहरणात साधारण ६८ ते ९५ किलो, आणि तो टो बारच्या मर्यादेतही बसला पाहिजे. जड वस्तू खाली, धुऱ्याच्या जवळ. हलक्या वस्तू वरच्या कपाटांत. मागच्या टोकाला काहीही जड नको. कॅरॅव्हॅनची स्वतःची भार वाहण्याची क्षमता कमी, बरेचदा दीडशे किलोंच्या आसपास असते, परंतु माणसे आणि अर्धे सामान कारमध्ये असल्यामुळे प्रत्यक्षात ती पुरते. कुकर, मिक्सर, कणकेची पिशवी आणि डाळ-तांदूळ यांसारखे जड सामान आम्ही कारच्या डिकीत ठेवतो.

ज्यांच्याकडे विजेवर चालणारी कार आहे त्यांनी येथे थोडे थांबावे. अनेक इलेक्ट्रिक कारना ओढण्याची परवानगी नसते किंवा मर्यादा फार कमी असते, आणि परवानगी असली तरी कॅरॅव्हॅन जोडल्यावर एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर निम्म्याच्या आसपास येते. महामार्गावरच्या बहुतेक चार्जिंगच्या जागा एका कारच्या मापाच्या असतात, तेथे कॅरॅव्हॅन सोडवून बाजूला लावावी लागते. कॅरॅव्हॅनसाठी कार बदलावी लागणार असेल तर तो खर्च कॅरॅव्हॅनच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी.

चालवण्याच्या बाबतीत मोटरहोम अधिक सोपी आहे यात वाद नाही. एकसंध वाहन, उंच आसन, समोर विस्तीर्ण काच. पहिल्या तासाभरात लांबी-रुंदीचा अंदाज येतो. रिकामे वजन ३.०५ टनांपर्यंत असलेल्या मोटरहोमला दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० मैल आणि मोटरवेवर ७० मैल ही कारचीच वेगमर्यादा लागू होते. कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या कारला त्याच रस्त्यांवर ५० आणि ६० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या मार्गिकेत जाण्यास मनाई आहे. कागदावर फरक दहा मैलांचा दिसतो, पण लंडनहून कंब्रियापर्यंत जाताना, रस्त्यातले थांबे धरून, दिवसाचा आराखडाच बदलतो. कॅरॅव्हॅन कारपेक्षा रुंद असल्याने कारला बाजूचे वाढीव आरसे लावावे लागतात, कारचाच क्रमांक असलेली पाटी कॅरॅव्हॅनच्या मागे लावावी लागते, आणि निघताना प्रत्येक वेळी जोडणी, दिवे आणि सुटल्यास ब्रेक लावणारी तार तपासावी लागते.

नव्या चालकाला खरी भीती असते ती कॅरॅव्हॅन मागे डोलू लागण्याची. मोठा ट्रक शेजारून जाताना किंवा उतारावर वेग वाढल्यावर कॅरॅव्हॅन नागमोडी हलू लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि जोराने ब्रेक दाबू नये; वेग उतरला की ती आपोआप स्थिर होते. योग्य भार, टायरांतील योग्य हवा आणि डोलणे रोखणारा, घर्षणावर चालणारा स्टॅबिलायझर असेल तर हे प्रसंग सहसा येत नाहीत. रिव्हर्स घेणे मात्र शिकावेच लागते, कारण सुकाणू ज्या दिशेला फिरवावे त्याच्या उलट दिशेला कॅरॅव्हॅनचे मागचे टोक वळते. मोकळ्या मैदानात दोन-तीन तास सराव केला तर जमते, आणि साइटवर पोचल्यावर रिमोटने चाके फिरवणारा मूव्हर बसवलेला असेल तर शेवटचे दहा-वीस फूट हाताने किंवा कारने ढकलण्याची गरजच उरत नाही. वयस्कर जोडप्यांना मूव्हरवर पैसे खर्च करण्याचा सल्ला मी मनापासून देईन.

काही रस्ते कॅरॅव्हॅनसाठी नाहीतच. यॉर्कशरमध्ये थर्स्कच्या पूर्वेला ए-१७० वर सटन बँक नावाची चढण आहे, तिचा उतार चारास एक आहे आणि तेथे कॅरॅव्हॅनना पूर्ण बंदी आहे, मोटरहोमला नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट आणि रायनोज या खिंडींचे उतार तीनास एक इतके तीव्र आहेत, तेथे दोन्हींपैकी काहीही नेऊ नये. स्कॉटलंडच्या वायव्येला ॲपलक्रॉसकडे जाणाऱ्या बेलाख ना बा या घाटाच्या पायथ्याशी नवख्या चालकांनी, फार मोठ्या वाहनांनी आणि कॅरॅव्हॅननी जाऊ नये असा फलकच आहे. तेथे कॅरॅव्हॅनवाल्याची सोय अशी की तो ती साइटवर ठेवून कारने तोच घाट निवांत चढून जातो.

येथूनच कॅरॅव्हॅनची खरी बाजू सुरू होते. साइटवर पोचल्याच्या क्षणी मोटरहोम जिंकते: पिचवर, म्हणजे साइटवरच्या आपल्या ठरलेल्या जागेवर उभे राहायचे, गरज असेल तर चाकांखाली पाचरी घालून समतल करायचे, विजेची तार जोडायची, आणि दहा मिनिटांत चहा. कॅरॅव्हॅनला अर्धा ते पाऊण तास लागतो. ती सोडवायची, आडवी-उभी समतल करायची, चारही कोपऱ्यांचे टेकू उतरवायचे, वीज जोडायची, पाण्याचा चाळीस लिटरचा पिंप नळावर भरून लोळवत आणायचा, सांडपाण्याची टाकी खाली सरकवायची. पाऊस असेल तर हे काम अजिबात सुखाचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चित्र उलटते. कॅरॅव्हॅनवाल्याची कार दारात मोकळी उभी असते. आजोबांना डॉक्टरकडे न्यायचे असो, मुलांना पोहायला न्यायचे असो की नुसते दूध आणायचे असो, किल्ली फिरवून निघता येते. मोटरहोमवाल्याला त्यासाठी वीज काढावी लागते, खिडक्या आणि छताची झडप बंद करावी लागते, ओट्यावरची भांडी आवरावी लागतात, ऑनिंग गुंडाळावे लागते, आणि मग सात मीटर लांब व जवळजवळ तीन मीटर उंच वाहन गावाच्या पार्किंगमध्ये न्यावे लागते. अनेक पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास उंचीचा आडवा दांडा असतो, म्हणजे प्रवेशच नाही. चार-पाच रात्री एका ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला ही अडचण रोज भेटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माणसे बाहेर जाणेच टाळू लागतात. सुट्टीच्या दृष्टीने मला ही मोटरहोमची सर्वांत मोठी उणीव वाटते.

अर्थात जागा नीट निवडली तर ही उणीव बरीच कमी होते. यॉर्कमधील रौनट्री पार्कची क्लब साइट ऊझ नदीच्या काठी, शहराच्या मध्यभागापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. केझिकची कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबची साइट डरवेंटवॉटर तलावाच्या काठावरच आहे, आणि तेथून ७८ क्रमांकाच्या बसने बॉरोडेल खोऱ्यात सीटोलरपर्यंत जाता येते. लंडन पाहायचे असेल तर ॲबी वूडच्या साइटवरून एलिझाबेथ लाइनचे स्थानक चालत गाठता येते. मात्र २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो उलेझ या प्रदूषण क्षेत्रात आले आहेत, त्यामुळे युरो ६ या धुराच्या मानकात न बसणाऱ्या साडेतीन टनांपर्यंतच्या डिझेल मोटरहोमला तेथे वाहन चालवण्याच्या प्रत्येक दिवसासाठी १२.५० पौंड भरावे लागतात. कॅरॅव्हॅनच्या बाबतीत फक्त ओढणाऱ्या कारचे मानक पाहिले जाते. मोटरहोम घेणाऱ्यांनी आपला प्रवास बस आणि रेल्वेच्या वेळापत्रकाभोवती आखावा. तसे करणारी माणसे अत्यंत समाधानी असतात, हे मी साइटवरच्या शेजाऱ्यांकडे पाहून सांगू शकते.

आई-वडील सोबत असतील तर आसनांचा मुद्दा पलंगांपेक्षा आधी पाहावा. मोटरहोममध्ये झोपण्याच्या जागा सहा आणि सीटबेल्ट असलेली आसने चारच, असे सर्रास आढळते; भिंतीला समांतर असलेल्या लांब बाकावर प्रवासात बसणे सुरक्षित नाही. कॅरॅव्हॅन चालू असताना तिच्यात कोणीही बसायचे नसते, सगळे कारमध्ये बसतात, त्यामुळे सात आसनांची कार असलेल्या कुटुंबाला तीन पिढ्या एकत्र नेता येतात आणि जास्तीची माणसे ऑनिंगच्या झोपण्याच्या कप्प्यात सामावून घेता येतात. उलट, प्रवास सुरू असतानाचे सुख मोटरहोममध्ये अधिक आहे. आईला मध्येच पाय मोकळे करावेसे वाटले, मुलाला भूक लागली, कोणाला शौचालय हवे असले, तर रस्त्यालगतच्या थांब्यावर उभे राहून, बाहेर पावसात न उतरता, सगळे आतल्या आत होते. मधुमेह किंवा गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी ही सोय फार मोलाची आहे. चढायच्या पायऱ्या मात्र दोन्हींमध्ये उंच असतात. एक रुंद, न घसरणारी जोडपायरी आणि दाराजवळ धरायला दांडा हवाच.

आतल्या जागेच्या बाबतीत, तेवढ्याच पैशांत आणि तेवढ्याच लांबीत, कॅरॅव्हॅन सरस ठरते. चालकाच्या केबिनची जागा वाया जात नाही, त्यामुळे समोर मोठ्या खिडक्यांची बैठक, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे रुंदीभर न्हाणीघर अशी ऐसपैस रचना करता येते. थंडीत मोटरहोमच्या केबिनच्या मोठ्या काचांतून उष्णता निसटते, म्हणून त्यांवर जाड रुपेरी पडदे लावावे लागतात.

स्वयंपाकाविषयी आपल्या वाचकांना विशेष सांगायला हवे, कारण येथील विक्रेते आणि मासिके ज्या स्वयंपाकाचा विचार करून सल्ला देतात तो आपला नव्हे. गॅसची शेगडी दोन्हींमध्ये असते आणि तिच्यावर तीन लिटरचा कुकर व्यवस्थित चालतो. मोठा कुकर मात्र शेजारच्या बर्नरवर सरकतो. गॅस प्रोपेनचाच घ्यावा, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो आणि स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या पहाटे चहाला ज्योत मिळत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. विजेच्या हुक-अपवर, म्हणजे साइटवरच्या वीजजोडणीवर, १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३,६०० वॉट मिळतात, आणि काही जुन्या साइटवर १० अँपिअर म्हणजे २,३०० वॉटच. घरची तीन किलोवॉटची किटली आणि हीटर एकाच वेळी लावले की फ्यूज पडणारच. साडेसातशे वॉटचा मिक्सर हुक-अपवर आरामात चालतो, परंतु हुक-अप नसलेल्या ठिकाणी आतल्या बॅटरीवर त्याचा विचारही करू नये; चटण्या आणि वाटणे घरूनच करून, गोठवून न्यावीत. फोडणीचा आणि तळणाचा वास गाद्यांच्या कापडात आणि पडद्यांत मुरतो, आणि भाड्याच्या मोटरहोमसाठी त्यावर साफसफाईचा वेगळा आकार लागू शकतो. कॅरॅव्हॅनचे मोठे, तीन बाजूंनी बंद होणारे ऑनिंग येथे कामी येते: त्याच्या मोकळ्या बाजूच्या बाहेर, उघड्यावर, कापडापासून सुरक्षित अंतरावर छोटी शेगडी लावून पोहे, थालीपीठ, आमटी सगळे बाहेर करता येते. आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये आत फक्त चहा आणि भात होतो. कॅरॅव्हॅनच्या दाराजवळ मात्र शेगडी कधीही लावू नये आणि पेटती शेगडी आत ओढू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे. त्याचा इशारा देणारे यंत्र आत चालू असलेच पाहिजे.

शौचालयाबद्दल माणसे संकोचाने विचारतात, म्हणून स्पष्टच लिहिते. दोन्हींमध्ये सतरा ते वीस लिटरची काढून नेता येणारी कॅसेट असते. आपल्याकडे पाण्याचा वापर अधिक, त्यामुळे चार माणसांत ती दिवस-दीड दिवसात भरते आणि साइटवरच्या ठरावीक जागी रिकामी करावी लागते. हे काम घरातल्या एकाच माणसावर टाकू नये. ज्येष्ठ सोबत असतील तर स्वच्छ प्रसाधनगृहे असलेल्या क्लब साइटच निवडाव्यात आणि कॅसेट फक्त रात्रीसाठी ठेवावी. शेतांवरच्या पाच वाहनांपुरत्या छोट्या साइट, ज्यांना कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब सर्टिफिकेटेड लोकेशन म्हणतो, त्या मला सर्वाधिक प्रिय आहेत. शांतता, मोकळे आकाश आणि कमी भाडे. पण त्यांतल्या अनेक ठिकाणी नळ आणि विल्हेवाटीची जागा याखेरीज काही नसते.

खर्चाचे गणित साधारण असे आहे. नवी चार जणांची कॅरॅव्हॅन वीस-पंचवीस हजार पौंडांपासून मिळू लागते. नव्या कोचबिल्ट मोटरहोमसाठी साठ-सत्तर हजारांच्या पुढे तयारी ठेवावी लागते. मोटरहोमला तीन वर्षांनंतर दरवर्षी एमओटी ही सक्तीची वाहनतपासणी, रस्ता कर, इंजिनाची सर्व्हिस आणि स्वतंत्र विमा लागतो, आणि वर्षातले कित्येक महिने ती उभीच असते, जे इंजिन, बॅटरी आणि ब्रेक यांपैकी कोणालाच मानवत नाही. कॅरॅव्हॅनला एमओटी नाही, रस्ता कर नाही, आणि ओढत असताना तिसऱ्या पक्षाचे नुकसान सहसा कारच्या विम्यात येते. चोरी आणि मोडतोड यांसाठी मात्र वेगळा विमा घ्यावाच. दोन्हींना ठेवायला जागा लागते. आपल्यापैकी अनेकांची घरे नव्या वसाहतींत असतात आणि तेथील करारात दारासमोर कॅरॅव्हॅन उभी करण्यास मनाई असू शकते, म्हणून खरेदीपूर्वी घराची कागदपत्रे वाचावीत आणि जवळच्या सुरक्षित आवाराचे वार्षिक भाडे विचारून घ्यावे.

जुनी घ्यायची असेल तर दोन्हींचा मोठा शत्रू ओल हाच आहे. सांध्यांतून शिरलेले पाणी भिंतीच्या आतील लाकूड कुजवते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ओल मोजणाऱ्या यंत्राचा अहवाल मागावा. १५ टक्क्यांखाली ठीक, १५ ते २० वर लक्ष ठेवण्याजोगे, त्यापुढे तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खिडक्यांचे कोपरे, छताच्या झडपेभोवतीची जागा आणि पुढच्या बाजूचे कपाट हाताने दाबून पाहावे, मऊ लागले तर पुढे जाऊ नये. कॅरॅव्हॅनच्या टायरांवर खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी रबर वयाने तडकते. पाच वर्षांनी ते बदलावेत आणि सात वर्षांपेक्षा जुने टायर वापरूच नयेत. कॅरॅव्हॅनची नोंद १९९२ पासून क्रिस या यंत्रणेत होते. चासीवरील क्रमांक, खिडक्यांवर कोरलेला क्रमांक आणि नोंदीचा कागद जुळतात का, आणि तिच्यावर कर्ज थकलेले नाही ना, हे तपासावे.

युरोपात जायचे असेल तर मोटरहोमचे पारडे जड होते. फ्रान्समध्ये गावोगावी एअर नावाच्या रात्रीच्या थांब्याच्या जागा आहेत, तेथे मोटरहोमना अल्प दरात किंवा विनामूल्य थांबता येते आणि कॅरॅव्हॅनना सहसा प्रवेश नसतो. स्कॉटलंडमध्ये मात्र कोठेही थांबता येते हा समज चुकीचा आहे. २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने दिलेला मुक्त वावराचा हक्क मोटार वाहनांना लागू होत नाही. नॉर्थ कोस्ट ५०० हा २०१५ मध्ये जाहीर झालेला पाचशेहून अधिक मैलांचा मार्ग रोज पुढे सरकत करायचा असेल तर लहान मोटरहोम किंवा पॅनेल व्हॅन हेच योग्य वाहन, आणि एकपदरी रस्त्यांवरच्या वाट देण्याच्या जागा थांबण्यासाठी नाहीत हे तेथे गेल्यावर कसोशीने पाळावे, कारण स्थानिकांची शाळा, रुग्णवाहिका आणि टपाल त्याच रस्त्याने जाते.

माझी शिफारस विचाराल तर शाळेत जाणारी मुले, येऊन-जाऊन असणारे आजी-आजोबा आणि ओढण्यास योग्य कार असलेल्या घराने कॅरॅव्हॅन घ्यावी. मुले मोठी झालेली, महिनाभर मोकळे असलेले आणि रोज नवे गाव पाहण्याची हौस असलेले जोडपे असेल तर मोटरहोम घ्यावी, तीही शक्यतो सहा मीटरच्या आतली पॅनेल व्हॅन. घरात दुसऱ्या कारला जागा नसेल आणि सामान कमी असेल, तर फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी, छत वर उचलता येणारी, सुमारे दोन मीटर उंचीची कॅम्परव्हॅन रोजच्या वापरालाही चालते, पण चार मोठी माणसे त्यात आठवडाभर सुखाने राहतील असे मला वाटत नाही.

कोणताही निर्णय पक्का करण्याआधी मोटरहोम मे किंवा सप्टेंबरमध्ये भाड्याने घेऊन पाहावी, कारण शाळेच्या उन्हाळी सुट्टीत भाडे दिवसाला शंभर पौंडांच्या बरेच वर जाते. चालकाचे वय किमान २५ असावे अशी अट बहुतेक ठिकाणी असते. ओढण्याच्या कॅरॅव्हॅन भाड्याने क्वचितच मिळतात, त्यामुळे तिकडे झुकणाऱ्यांनी क्लबच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात नाव नोंदवावे, तेथे जोडणी, भार आणि रिव्हर्स हे तिन्ही प्रत्यक्ष करून घेतात. मोटरहोमच्या त्या भाड्याच्या आठवड्यात निदान तीन रात्री मुद्दाम एकाच साइटवर काढाव्यात, आणि त्या दिवसांत घरातल्या कोणाला काय करायचे होते आणि वाहन हलवण्याच्या कंटाळ्याने काय राहून गेले, हे आई-वडील आणि मुले सगळ्यांना विचारून मगच विक्रेत्याकडे जावे.